मुखपृष्ठावरचा तलाव

पळसटोल्याचा विकास आराखडा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला, त्या दिवशी मी मासळी विकून घरी परतत होते. टोपली खाली ठेवली आणि नकाशात आमचा तलाव शोधू लागले. तलाव नव्हताच. त्याच्या जागी पिवळा चौकोन, आणि चौकोनात लिहिलेलं, 'रिकामी जागा. प्रस्तावित बसस्थानक व व्यापारी संकुल.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालगुजारांच्या काळातला तलाव तो. आम्हा ढिवरांची साठ घरं त्यातल्या मासळीवर जगतात, खालच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान त्याच्याच पाण्यावर पिकतं. आणि हे म्हणतात रिकामी जागा! बरं, तेवढ्यावर भागलं नव्हतं. गावाबाहेर, आमच्याच गावातल्या बुधूच्या धानाच्या बांधीवर, एक निळा गोल काढला होता. 'पर्यावरणपूरक कृत्रिम तलाव, कारंजे व नौकाविहार.' म्हणजे आहे तो तलाव बुजवायचा आणि नाही तो खोदायचा. वर मथळा काय, तर 'शाश्वत पळसटोला'.

मला सगळ्यात जास्त राग आला तो मात्र स्वतःचा. कारण ती जागा रिकामी मीच करून दिली होती.

झालं होतं असं. गेली काही वर्षं तलावात बेशरमीची झुडपं माजली होती आणि मासळी कमी होत चालली होती. मीच बायकांच्या गटात हट्ट धरला, की या मे महिन्यात उरलंसुरलं पाणी सोडून द्यायचं, तळ नांगरून काढायचा आणि पाऊस लागला की देवधान, गाद, चौरा अशा पाणवनस्पती लावायच्या. पाण्यात अशी झाडं असली की मासळी तिथे अंडी घालते. अंड्यांवरच्या मरळी आम्ही कोपऱ्यातल्या खोल डबक्यात ठेवल्या आणि वर फांद्या पसरल्या. तळात ट्रॅक्टर उतरवला. नेमका त्याच आठवड्यात आराखडा बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीचा सर्व्हेअर स्वप्निल ड्रोन घेऊन आला.

आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष मुखरूभाऊ तेव्हाच बोलले होते, "गोकुळाबाई, याले पाणी भरल्यावर ये म्हण. आता काय दिसते इथी?"

"दिसू द्या न भाऊ, आपण किती मेहनत करून राह्यलो ते," मी म्हटलं होतं. स्वप्निलला भात वाढला, सुकसीची, म्हणजे सुकवलेल्या मासळीची, चटणी वाढली. ड्रोनच्या आड येतो म्हणून ट्रॅक्टरसुद्धा मीच बाजूला घ्यायला लावला. इतकी शहाणी मी!

मी हरकतीचा अर्ज दिला, त्याची सुनावणी सप्टेंबरात लागली. तोवर तलाव पाळीपर्यंत, म्हणजे काठच्या बांधापर्यंत, भरला होता, देवधान कमरेएवढं वाढलं होतं. आम्ही साठ बायका आणि मुखरूभाऊ नगरपंचायतीच्या हॉलमध्ये गेलो. नियोजन समितीचे साहेब पंख्याखाली बसले होते, बाजूला स्वप्निल उभा होता. गावातलीच रीता तिथे बाबू आहे, ती नोंदवहीत लिहीत होती.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण आराखडा भावनांवर नाही, मोजणीवर चालतो. ड्रोनच्या चित्रात तिथे नांगरलेली कोरडी जमीन आहे."

"चित्र मे महिन्यातलं हाय साहेब. तलाव इथून पाचशे पावलं हाय. चला न, पाहून घ्या."

"मोजणीचा टप्पा पूर्ण झाला आहे."

"सातबाऱ्यावर तलाव लिवला हाय," मुखरूभाऊंनी कागद पुढे केला.

"ती जुनी नोंद झाली. आज तिथे तलाव आहे याचा पुरावा काय?"

साठ बायका ओल्या लुगड्यांनी समोर बसल्या होत्या. सकाळीच जाळं ओढून आल्या होत्या. कुठल्या पाण्यात ओढलं असेल जाळं? पण पुरावा पाहिजे!

तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या जाडजूड पुस्तकाकडे गेली. आराखड्याचंच पुस्तक. मुखपृष्ठावर काठोकाठ भरलेला तलाव, कमळं, मागे पाळीवरचा आमचा पिंपळ, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरलेली एक बाई. पदर खोचलेला, तोंड हसरं. मी पुस्तक उचललं. ती बाई मीच होते.

"स्वप्निल, हा फोटो कुठला रे?"

त्याने मान खाली घातली. "इथलाच, बाई. मागच्या दिवाळीच्या आधी काढला. पहिल्यांदा गाव पाहायला आलो होतो तेव्हा."

म्हणजे यांनी भरलेला तलाव आधीच पाहिला होता! शोभेला घेतला आणि नकाशातून पुसला. मी पुस्तक साहेबांच्या पुढ्यात आपटलं. "हा घ्या पुरावा. तुमच्याच पुस्तकावर हाय."

साहेबांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता तरी माणूस शरमेल. त्यांनी रीताला जवळ बोलावून काहीतरी लिहायला सांगितलं. तिने खालच्या आवाजात वाचून दाखवलं, "हरकत मान्य. मुखपृष्ठावरील छायाचित्र बदलण्यात यावे."

"झालं तुमचं काम," साहेब म्हणाले. "करा सही."

अर्जदाराच्या सहीशिवाय सुनावणी बंद होत नाही, हे रीताने मला सकाळीच सांगून ठेवलं होतं. मी नोंदवही उचलली, काखेत मारली आणि बाहेर पडले. मागून साठ बायका निघाल्या.

"अहो ताई, वही! सरकारी वही आहे ती!" साहेब ओरडले आणि मागे धावले.

मी थांबले नाही. थेट पाळ चढून पलीकडे उतरले आणि पाण्याशी उभी राहिले. साहेब धापा टाकत आले. बूट चिखलात रुतले तेव्हा कुठे त्यांनी समोर पाहिलं. पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पाणी होतं. मुखरूभाऊंनी डोंगा ओढून त्यांच्या पायाशी लावला.

"बसा साहेब," मुखरूभाऊ म्हणाले. "तुमचं बसस्थानक मधात हाय. तिथी दोन माणसं बुडतात एवढं पाणी हाय, सांभाळून बसा."

साहेबांनी एक पाय उचलला आणि परत चिखलातच ठेवला. डोंगा डुलत राहिला. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली.

"आता लिवा," मी म्हटलं. "इथी उभं राहून लिवा. रिकामी जागा."

साहेबांनी वहीला हात लावला नाही.