देव माझा, तळहात यांचा

लकवा मारला तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि तव्यावरची भाकरी सोडून दवाखान्यात जायला काही केल्या तयार नव्हते. मला काही झालेलंच नाही, असं मी वाकड्या तोंडानं सगळ्यांना पटवत होते म्हणे. गुरुपादप्पांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ऐकलं नाही म्हणून आज मी हे लिहायला तरी आहे.

त्याला आता दोन वर्षं होतील. पाय बराच सुधारला. काठी टेकत लातुरातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जाऊन येते. बोलणं तर कधी बंदच पडलं नाही, ही घरच्यांची तक्रार. पण डावी बाजू माझ्या ध्यानातून गेली ती गेलीच. डोळे चांगले आहेत, दिसतं सगळं. फक्त डावीकडं काही असेल हेच डोक्यात येत नाही. चटणी का वाढली नाही म्हणून मी भांडते, आणि चटणी ताटात तिच्या ठरलेल्या जागी, डावीकडं असते. हे नुसतं ताट फिरवतात. मग मी चटणी आत्ता वाढल्यासारखी खाते. विभूतीचे पट्टे कपाळाच्या मध्यावर येऊन थांबतात. नांदेडहून आमची लेक अंजू फोनवर दिसते तेव्हा आधी म्हणते, आई, फोन सरकव, अर्धीच दिसून राहिलीस.

एवढं सगळं मी हसण्यावारी नेलं. एक गोष्ट मात्र नेता येईना.

आमच्या लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची. माझ्या डाव्या हाताला आता स्पर्श कळत नाही, आणि बोटं मनाला येईल तेव्हा वळतात. लिंग हातून खाली पडणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी धास्ती. म्हणून माझं लिंग हे आपल्या तळहातावर धरायचे आणि मी बेल वाहायची. देव माझा, तळहात यांचा. अय्यांना, म्हणजे आमच्या जंगम स्वामींना, विचारलं, तर ते म्हणाले, असंही चालतं, उजव्या हातावर घेतलं तरी चालतं. शिवाला चालत होतं. मला चालत नव्हतं.

श्रावणात देवणीहून माझ्या मोठ्या नणंदबाई, शिवकांता अक्का, राहायला आल्या. आमची पूजा बघून म्हणाल्या, नवऱ्याच्या हातावर देव, लई नशीबवान गं तू. त्या मायेनं बोलल्या. मी टोमणा म्हणून घेतला, कारण टोमणा घ्यायला माझी उजवी बाजू पुरेशी आहे. उद्यापासून माझ्याच हातावर पूजा करणार, असं जाहीर केलं.

"आन् पडलं तर?" ह्यांनी विचारलं.

"पडलं तर परत नाव काढणार न्हाई. तुमच्याच हातावर करीन, मरेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी हे दुकान उघडायला गेले. परत येईपर्यंत थांब म्हणाले होते. मी थांबले नाही. अक्का स्वयंपाकघरात होत्या. देव्हाऱ्यासमोर खुर्चीवर बसले, उजव्या हातानं डाव्याची बोटं उलगडली, लिंग ठेवलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. काय सांगू, इतकी ऐट आली की डोळे मिटून जप सुरू केला.

डोळे उघडले तर मांडीवर बेलाची पानं, साडी ओली, आणि लिंग नाही.

अक्कांना हाक मारली. त्यांनी खुर्चीखाली बघितलं, पाट उचलला, समई सरकवली. ह्यांना फोन गेला. गिऱ्हाईक तसंच सोडून हे आले आणि एवढं पोट घेऊन बॅटरी लावून पलंगाखाली शिरले. मी खुर्चीवरून हुकूम सोडत होते, तिकडं बघा, कोपऱ्यात बघा. आणि माझे सगळे कोपरे उजवीकडचे. शेवटी रडायला आलं. म्हटलं, झालं, देवानंच सांगितलं, न्हाई जमत तुला.

हे धापा टाकत माझ्यापुढं जमिनीवर बसले. माझ्याकडं बघत राहिले.

"हात कुठाय तुझा?"

मी हात पुढं केला.

"दुसरा."

तो मला शोधावा लागला. खुर्चीच्या कडेला, पदराखाली, मूठ आवळून पडला होता. ह्यांनी व्यायामवाल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे आधी अंगठा सोडवला, मग एकेक बोट. आत लिंग, आणि त्याला चिकटलेलं चुरगळलेलं बेलाचं पान.

"हे काय पडणार?" हे म्हणाले. "अडकित्त्यात सुपारी धरावी तसं धरलंय."

अक्का भिंतीला टेकून हसायला लागल्या, आणि मग पदरानं डोळे पुसत राहिल्या. मीही हसले, तिरकी. ह्यांनी लिंग उचलून आपल्या तळहातावर घेतलं, सवयीनं. मी माझा उघडा हात तसाच पुढं धरून ठेवला. त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी ते परत माझ्या हातावर ठेवलं.

आता पूजा माझ्याच तळहातावर होते. फक्त शेवटी देव परत घ्यायला माणूस लागतो, कारण हात देवावर एकदा घट्ट आवळला की माझ्या एकटीच्यानं उघडत नाही. त्यामुळं दुकान उशिरा उघडतं. मी हाक मारते, अहो, कुठं गेलात, आणि उजवीकडं दारापर्यंत नजर टाकून चिडते. हे बहुतेक वेळा डावीकडं उभे असतात.