कानेलचा पहिला घास

हिलेवी न्यूस्ट्रमच्या हातचं न जेवता सुंड्सवाल गावातल्या त्या शाळेतून एकही मूल घरी गेलं नव्हतं. निदान हिलेवीचं म्हणणं तरी तसं होतं, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. मुलं तिला जेवणमावशी म्हणत. रक्ताचं पुडिंग असो की पांढऱ्या सॉसमधले माशाचे वडे, ताट स्वच्छ झाल्याशिवाय मूल बाकावरून हलायचं नाही, कारण मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभी असायची. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात काय काय सांगितलं ते ती विसरली होती, पण हा अभिमान काही तिनं सोडला नव्हता.

आणि आता पेन्सिलीएवढ्या एका सापानं तिला हात टेकायला लावले होते.

झालं असं, की इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीत तिसऱ्या मजल्यावरच्या टॉर्केलनं, तिच्याच शाळेत शिकून मोठ्या झालेल्या मुलानं, स्वतःची वेळ संपली तरी मशीन अडवून ठेवलं होतं. त्याला चार शब्द सुनवायला हिलेवी वर गेली. टॉर्केल कॉर्न स्नेक जातीचे बिनविषारी साप पाळायचा, त्यांची पिल्लंही काढायचा. भिंतीशी प्लास्टिकच्या डब्यांची रांगच होती. एक डबा मात्र बाजूला काढून ठेवलेला होता.

"याला का असं वाळीत टाकलंस?"

"ते जेवत नाही, मावशी. अंड्यातून बाहेर आल्यापासून शिवलंच नाही अन्नाला. भावंडं बघा कशी टुमटुमीत झालीत."

"मग आता?"

टॉर्केल खाली बघत म्हणाला, "वाळून वाळून मरण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शननं कायमचं झोपवलेलं बरं."

'जेवत नाही' हे शब्द ऐकले आणि हिलेवी कशाला आली होती तेच विसरली. सापांचं तिला प्रेम नव्हतं, उलट थोडी किळसच होती. पण कुणीतरी उपाशीपोटी मरणार आणि आपण जिना उतरून खाली जायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. "आण तो डबा इकडे," ती म्हणाली.

"दोन आठवडे देतो. मग रविवारी येईन. तोवर खाल्लं नाही तर मात्र नेणार. त्याचे हाल नाही बघवत मला."

त्या नारिंगी-तपकिरी पिल्लाचं नाव तिनं कानेल ठेवलं, म्हणजे दालचिनी. प्लास्टिकचा डबा तिला भिकारडा वाटला, म्हणून तिनं काचेची मोठी पेटी आणली आणि वर दिवा लावला. पेटीत फांदी ठेवली, पाण्याची वाटीही ठेवली. फ्रीझरमध्ये रानमशरूम आणि लिंगनबेरीच्या आंबट लाल फळांच्या शेजारी करंगळीच्या पेराएवढी गोठवलेली उंदराची पिल्लं आली. त्यातलं एक ती कोमट पाण्यात गरम करी, पुसून चिमट्यानं कानेलच्या नाकाशी धरी. कानेल जीभ लपलपवी आणि तोंड फिरवी. मग तिनं ते पिल्लू ट्यूनाच्या पाण्यात बुडवलं. मग कोंबडीच्या सूपमध्ये. बडीशेप लावायचंही मनात आलं होतं, पण तेवढं तिनं टाळलं.

"खा रे बाळा. तुझ्यासाठी एवढं केलं, निदान वास तरी घे!"

पेटीसमोर तिनं खुर्ची ओढली आणि भिंग घेऊन तिथेच मुक्काम ठोकला. कॉफी तिथेच, विणकाम तिथेच. मध्येच काळजी वाटली की कानेलला उचलून हातावर घ्यायची, गोंजारायची, पुन्हा उंदीर पुढे करायची. दिवसेंदिवस कानेलच्या अंगावरची कातडी सैल पडत चालली. हिलेवीला रडू यायचं, आणि रडू आलं की तिला रागही यायचा.

रविवारी दुपारी टॉर्केल आला. काट्यावर कानेलला ठेवून त्यानं आकडा बघितला आणि नकारार्थी मान हलवली.

"उद्यापर्यंत थांब रे," हिलेवी म्हणाली. आयुष्यात तिनं कुणाची मनधरणी केली नव्हती.

टॉर्केलचं लक्ष खुर्चीकडे गेलं. मग भिंगाकडे. "मावशी, ही खुर्ची इथेच असते?"

"मग कुठे असणार? डोळ्यांत तेल घालून बसते मी."

त्यानं कानेलला उचलून परत पेटीत ठेवलं. मग म्हणाला, "चला, माझ्याकडे जेवायला चला."

"आत्ता? जेवण सुचतंय तुला?"

"चला तर खरं."

त्यानं तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. उकडलेले बटाटे, माशाचे वडे, पांढरा सॉस. वडे दुकानातले होते, हे हिलेवीला वासावरूनच कळलं. टॉर्केल स्वतः बसला नाही. तिच्या मागे गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"खा."

"तू पण बस की."

"आधी तुमचं ताट स्वच्छ होऊ दे."

तिनं एक घास घेतला. मानेवर त्याची नजर जाणवत होती. वडा तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. तिनं वर पाणी प्यायलं, तरी तो खाली जाईना.

"अरे, बाजूला हो ना! घास उतरत नाही घशाखाली."

टॉर्केल हलला नाही. हिलेवीच्या हातातला काटा तसाच राहिला.

"मी अशी उभी राहायचे?" तिनं विचारलं.

"रोज."

"पण तू खायचास! तुझं ताट तर लख्ख असायचं, मला चांगलं आठवतंय."

"स्वेटरच्या बाहीत घालायचो वडे. आई धुताना बोंबलायची. माझ्या वर्गातला लासेसुद्धा तेच करायचा, आणि ती वेण्यांवाली विवेकासुद्धा."

"खोटं बोलतोस." ती ताडकन उठली. मग पुन्हा बसली. "उपाशी जायचास घरी?"

"कधी कधी."

हिलेवीनं ताट बाजूला सरकवलं. इतकी वर्षं जपलेल्या अभिमानाचं आता काय करायचं, ते तिला समजेना. तिला लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं ते बाकावर बसलेल्या त्या लहानग्या टॉर्केलसाठी, ज्याच्याकडे ती रोज टक लावून बघायची आणि ज्याला तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आता टॉर्केल समोर बसला. "तुम्ही प्रेमानंच उभ्या राहायचात, मावशी. कळायचं मला. पण घास नाही उतरायचा. आणि मी तरी काय वेगळं केलं? कानेलचा डबा दर तासाला उघडून बघत होतो. काळजीनंच. आज ती खुर्ची बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

दोघं खाली आले. पेटी तशीच ठेवून कानेलला एका लहानशा डब्यात घातलं, भोकं असलेल्या झाकणाच्या. आत चुरगळलेला कागद आणि गरम केलेलं उंदराचं पिल्लू, ना ट्यूना ना सूप. वरून जाड टॉवेल.

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही," टॉर्केल म्हणाला.

हिलेवीला स्वतःचा भरवसा नव्हता. तिनं पिशवीत नाइटगाऊन कोंबला आणि बस पकडून बहिणीचं घर गाठलं. "साप सुटला का गं?" बहिणीनं दारातच विचारलं. "नाही, मी सुटलेय," हिलेवी म्हणाली, आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी पहिल्या बसनं परत आल्यावर कोट न काढताच तिनं टॉवेल बाजूला केला. उंदीर नव्हता. तिनं कागद उलटसुलट केला, खालीही बघितलं. नव्हताच. कोपऱ्यात कानेल वेटोळं घालून पडलं होतं आणि त्याच्या सडपातळ अंगात मध्यावर एक गोल फुगवटा आला होता. हिलेवीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं हळूच झाकण लावलं. उचलून घ्यायची फार इच्छा होती, पण घेतलं नाही.

कामावर जाता जाता टॉर्केल डोकावला. कानेलला डॉक्टरांकडे न्यायचा डबा त्याच्या हातात होताच.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"खाताना बघितलंत?"

"नाही," हिलेवी म्हणाली. "मी नव्हतेच घरी."

टॉर्केल हसला, मग त्यालाच भरून आल्यासारखं झालं. हिलेवीनं त्याला टेबलाशी बसवलं. राय-ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं, कॉफी, सगळं त्याच्यासमोर ठेवलं. तिचे हात सवयीनं कमरेकडे निघाले होते. ते तिनं कोटाच्या खिशात घातले.

"हवं तेवढं खा," ती म्हणाली, आणि बाल्कनीत जाऊन मागे दार ओढून घेतलं.