पुनवेचा पट

पुनवेला खाडीला उधाण आलं की खारी गावातले पुरुष मिठागरांच्या बांधांवर जात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध कुठे फुटत नाही ना ते बघायचं आणि सकाळी लाल डोळ्यांनी घरी यायचं. म्हणजे महिन्यातली ती एक संध्याकाळ गावात बायकांचं राज्य. त्या संध्याकाळी जिजाबाईच्या अंगणात चौघी जणी सोंगट्या खेळायला बसत. लढाईमुळे घासलेट मिळेनासं झालं होतं, पण पुनवेच्या चांदण्यात दिवा हवाय कुणाला?

पट जिजाबाईच्या आईच्या हातचा, काळ्या कापडावर लाल-पिवळ्या चिंध्यांची घरं शिवलेला. जी जिंकेल तिने तो घरी न्यायचा, पुढच्या पुनवेपर्यंत सांभाळायचा आणि पहिल्या रात्री आपलं सगळ्यांत धाकटं मूल त्याच्यावर निजवायचं. जिंकणारीचं नशीब पटाला चिकटलेलं असतं, ते पोराच्या अंगाला लागतं, असं जिजाबाई सांगे. तिची स्वतःची सगळी पोरं त्या पटावर निजून मोठी झाली होती. त्यातला एक पुढे पक्का जुगारी निघाला, पण तो विषय तिच्यासमोर कुणी काढत नसे.

चांगुणा आजवर एकदाही जिंकली नव्हती. कवड्यांचा तिच्याशी उभा दावा होता. तिची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती आणि आता हा तिसरा, गणू, नुकता पावलं टाकायला लागला होता. बाकी तिघींची पोरं पटावर निजली, माझाच तेवढा राहिला, हे तिला फार लागे. गणूच्या बाबतीत ती जरा भित्रीच होती. थंडीत देवी टोचणारा गावात आला तेव्हा तिने पोराला भाताच्या कणगीत लपवलं होतं. शेजारच्या एका मुलीचा दंड टोचल्यावर पिकला, एवढं कारण तिला पुरलं. तशी ती एकटीच नव्हती. त्या दिवशी खारीतल्या निम्म्या कणग्यांतून रडं ऐकू येत होतं आणि टोचणाराही ऐकलं न ऐकलं करून पुढे गेला.

चैत्राच्या पुनवेला पट बायजाकडे होता. बायजा चांगुणेच्याच आळीतली, लहानपणापासूनची मैत्रीण. ती उशिरा आली आणि कुणाकडे न बघता पट पसरू लागली.

"बारकूला का न्हाय आणलंस?" जिजाबाईने विचारलं.

"किरकिरतोय. अंग तापलंय जरा, घामोळं उठलंय. सासूजवळ ठेवलाय."

खेळ रंगला. चौथी होती चर्चकडच्या वाडीतली फ्लोरिन. तिचा नवरा कॅजिटन उधाणाला होडी घेऊन समुद्रात असे, म्हणून तिलाही ती संध्याकाळ मोकळी. आवाज खणखणीत, तोंडावर देवीचे वण, आणि स्वतःपेक्षा दुसऱ्याच्या सोंगट्यांवर लक्ष जास्त. त्या दिवशी चांगुणेला कधी नव्हे ती दानं पडत होती. तीन सोंगट्या घरात गेल्या, चौथी बायजाच्या पुढ्यात उघडी पडली. आणि बायजाला नेमकं हवं ते दान पडलं.

"मार की गं!" फ्लोरिन ओरडली.

बायजाने भलतीच सोंगटी हलवली.

"डोळे फुटले काय तुझे?"

"ध्यानातच न्हाय आलं," बायजा म्हणाली.

पुढच्याच दानाला चांगुणेची सोंगटी घरात गेली. ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. बायजाने स्वतःच पट गुंडाळला, तिच्या हातात कोंबला आणि चहाला न थांबता निघून गेली. त्या रात्री गणू पटावर पालथा निजला, गाल एका लाल चिंधीवर टेकून. त्याच्याकडे बघता बघता चांगुणेला वाटलं, आता याला कुणी हात लावायची बिशाद नाही.

सकाळी पाण्याला जाताना तिला बायजाच्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या दिसल्या.

त्याचा अर्थ गावात कुणाला सांगावा लागत नसे. घरात देवी आल्या की दाराला लिंब लागायचा, नाव कुणी घ्यायचं नाही, लांबूनच हात जोडायचे. चांगुणेचे हात जोडायला वर आलेच नाहीत. ते घामोळं नव्हतं. आजारी बारकूला बायजाने त्याच पटावर निजवलं असणार, नशीब लागावं म्हणून. आणि काल बायजाचे डोळे फुटले नव्हते. नशीब पटाबरोबर घर बदलतं, मग घरी आलेला हा पाहुणाही घर बदलेल, अशा हिशेबाने तिने ती सोंगटी सोडली होती. घागर तिथेच टाकून चांगुणा घराकडे धावली.

गणू अजून पटावरच होता, एका कवडीशी खेळत. तिने त्याला उचललं, उघडा केला, बोटांच्या बेचक्या, मानेच्या वळ्या, सगळं तपासलं. काही नव्हतं. काही नव्हतं म्हणून तर ती जास्तच घाबरली, म्हणजे ते अजून यायचं होतं.

सासूने ऐकलं आणि आधी गालांवर चापट्या मारून घेतल्या. "देवीआईच्या मनात असंल ते व्हईल. लिंब बांध, दहीभाताचा निवद दाखव. आणि टोचायचं नाव काढू नकोस, आई कोपंल." बांधावरून आलेला बाळाराम, चांगुणेचा नवरा, अर्धवट झोपेत "आई सांगते तसं कर" म्हणाला आणि कुशीवर वळला. चांगुणा दारात बसून राहिली. देवीला कोपवावं तर भीती, न कोपवावं तर त्याहून भीती. मागच्या दोन्ही पोरांच्या वेळी तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

तेवढ्यात फ्लोरिन आली. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भाईंदरच्या बाजारात आज टोचणारा बसलाय. ऊठ."

"आता काय उपेग? लागलं असंल तर लागलं."

"अंगावर यायच्या आधी टोचलं तर पोरं वाचतात. आमच्या वाडीत बघितलंय मी. माझ्या आयनं पण मला लपवलं व्हतं, पलंगाखाली." फ्लोरिनने आपलं तोंड पुढे केलं. "बघ, काय मिळालं ते."

"आई कोपली तर?"

"कोपू दे माझ्यावर. माझी तिची जुनी ओळख हाय." असं म्हणून फ्लोरिन आत शिरली, काठीने पट उचलून परसात नेला आणि सरळ पेटवून दिला. सासूने जी तोंडाची तोफ सोडली ती पलीकडच्या आळीत ऐकू गेली असेल. त्या गडबडीत चांगुणा गणूला पदराखाली घेऊन मागच्या दाराने निघाली.

रेल्वेचे रूळ ओलांडून ती बाजारात पोचली आणि गणूला घेऊन टोचणाऱ्यापुढे बसली. टोचणाऱ्याने गणूचा दंड पुसला आणि ओरखडे काढले. गणू किंचाळला. आपणच आपल्या हाताने त्याला मारत तर नाही ना, असं तिच्या मनात आलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि त्याच्याइतकं वाईट तिने आयुष्यात काही सोसलं नव्हतं. सासू बोलत नव्हती. चांगुणा रोज पहाटे गणूला उजेडात नेऊन नागवा करी आणि तपासे. डास चावला तरी तो लाल ठिपका ती पुन्हा पुन्हा बघे. बायजाच्या घरावरून जाणं तिने सोडलंच. एके दिवशी गणूचं अंग तापलं. तो दूध घेईना, नुसता कण्हत पडला. सासू देव्हाऱ्याशी जाऊन बसली. चांगुणेने त्याला मांडीवर घेतलं आणि हलली नाही. रात्र कशी गेली ते तिला कळलं नाही.

उजाडताना तिने त्याचं झबलं काढलं. दंडावर टोचलेल्या जागी एक टपोरा फोड आला होता. पाठीवर नाही, पोटावर नाही, तोंडावर नाही. तेवढा एकच. दुपारपर्यंत ताप उतरला आणि गणूने भाकरीसाठी हात पुढे केला. चांगुणा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच समजेना.

तेव्हाच बायजाच्या घरातून रडण्याचा आवाज उठला.

चांगुणेच्या मनात सगळ्यांत आधी जे आलं ते दुःख नव्हतं. तिथं गेलं, इथं नाही, एवढंच आलं. आणि असं आपल्या मनात आलं याची तिला लाज वाटली. दिवस कलताना गणूला सासूकडे देऊन ती बायजाकडे गेली.

बायजा भिंतीला टेकून बसली होती. बारकूला नेलं होतं. तिने मान वर केली नाही.

"तुझा?"

"बरा हाय."

बायजाचा श्वास सुटला, तो सगळ्या घराला ऐकू गेला. मग ती म्हणाली, "मी आईला सांगितलं व्हतं. त्याला घे, माझ्याला सोड. म्हणून दिला तुला पट."

चांगुणा वाटेत खूप काही ठरवून आली होती. बोलायचं होतं, झिंज्या धरायच्या होत्या. ती बायजाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"मी बी रोज तेच सांगत व्हते," ती म्हणाली. "तुझ्या पोराचं नाव घेऊन."