चौथा रकाना

मी कामाचा तक्ता बोलतोय. एकेकाळी अखंड होतो, आता माझे चार तुकडे झालेत. तरी जीभ शाबूत आहे, आणि पोटात राग बराच साठलाय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म घाटंजीतल्या रामलाल पेंटरच्या दुकानात झाला. साल २००६. कापसानं अख्ख्या जिल्ह्याला रडवलं होतं आणि पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. तेव्हा एका छोट्या संस्थेचे चारुदत्त सर पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. कामं अडतात कारण ती डोळ्यांसमोर नसतात, असं ते तिथं शिकले होते. त्यांनी सहा फूट उंच, चार फूट रुंद पत्रा आणवला. रामलालनं त्याला काळा रंग दिला आणि पांढऱ्या रंगात फूट-फूट रुंदीचे चार रकाने आखले: काम, कोण करणार, कधीपर्यंत, अडलं कुठं?

झाला संस्थेच्या कचेरीत माझा गृहप्रवेश. मला वाटलं, आता ही मंडळी सुधारणार.

पहिलंच काम मोठं होतं. घाटंजीपासून तीन कोसांवरच्या गावात मथुराबाईंच्या बचत गटानं अकरा जणींत मिळून कापूस लावला होता. तो घरात ठेवायला जागा नाही, म्हणून वेचताक्षणी मिळेल त्या भावाला विकावा लागायचा. त्यांना एक शेड हवं होतं, कापूस कोरडा ठेवायला. भिंती उभ्या झाल्या होत्या, छप्पर राहिलं होतं. मुदत लिहिली, वेचणी सुरू होण्याआधी.

मग दुसरा रकाना आला. गावात हिंडून काम करणारा संघदीप उठून म्हणाला, "माह्यं नाव लिवा सर. छपराचं मी पायतो."

सर हसले. एकाचंच नाव लिहिलं तर बाकीच्यांना वाईट वाटतं, आपल्या संस्थेत लहानमोठं कोणी नाही, असं म्हणत त्यांनी खडूनं लिहिलं, 'सर्वजण'. त्या कामापुढं सर्वजण, पुढच्याही कामापुढं सर्वजण. वरपासून खालपर्यंत माझा तो रकाना एकाच शब्दानं भरला. भल्या मनानं केलेली चूक होती ती, म्हणून कोणी बोललंही नाही. मी तर पडलो पत्रा.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी संघदीप घामाघूम होऊन आला. छपराचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्या फुटानं आखूड आल्या होत्या. वेल्डर दोन दिवसांत जोड द्यायला तयार होता, पण आठवड्यानं तो मारेगावकडं दुसऱ्या कामाला जाणार होता. फक्त सरांचा होकार हवा होता. सर फोनवर होते. त्यांनी हातानंच खूण केली, तक्त्यावर लिही. संघदीपनं चौथ्या रकान्यात ठळक लिहिलं, 'कैच्या फुटानं आखूड. वेल्डर आठ दिवसच आहे.' माझ्या आयुष्यात त्या रकान्यात पडलेलं हे पहिलं वाक्य. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. चहापाणी बघणाऱ्या गंगीबाईंनी मोटारसायकल, कपाट, टाईपरायटर यांच्याबरोबर मलाही हळद-कुंकू लावलं. माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या खिळ्याला झेंडूचा जाडजूड हार घातला. तो लोंबला नेमका चौथ्या रकान्यावर.

त्या कचेरीची रीत अशी की पूजेचा हार उतरवायचा तो पुढच्याच दसऱ्याला. संघदीपचं घर बौद्ध. आपण हाराला हात लावला तर उगाच चर्चा होईल, म्हणून त्यानं तो सरकवला नाही. आठवड्याच्या आत त्यानं सरांना एकदा तक्ता बघायची आठवण करून दिली, तर सर म्हणाले, "अरे, मी रोज बघतो तक्ता. कुठं काही अडलेलं दिसत नाही."

देवा, माझं बोलणं तेव्हा कोणाला ऐकू गेलं असतं तर! वेल्डर गेला. छपराचे पत्रे आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. हार वाळला, त्याचा चुरा माझ्या पायथ्याशी पडू लागला. गंगीबाई तो रोज झाडायच्या, हार मात्र तसाच.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला. बिनछपराच्या शेडात ताडपत्रीखाली ठेवलेला अकरा जणींचा कापूस भिजून पिवळा पडला.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई कचेरीत आल्या. मुठीत ओल्या कापसाचा गोळा होता, तो त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गटात नुकतंच वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी हार बाजूला सारला आणि अक्षर अक्षर लावत चौथा रकाना मोठ्यानं वाचला.

"हे कवा लिवलं?"

"दसऱ्याच्या आंदी," संघदीप म्हणाला.

त्यांचं बोट दुसऱ्या रकान्यावर आलं. "आन् हा सर्वजन कोन व्हय? बलवा त्याले. मले त्याच्याशीच बोलाचं हाये."

सरांनी कापसाचा गोळा उचलला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

यातून संस्थेनं काय धडा घ्यावा? तर कॉम्प्युटर घेतला! मला मोरीमागं नेऊन उभं केलं. पुढचा अर्धा पावसाळा सरेपर्यंत कोंबड्यांनी माझा उपयोग केला. तिथून मला संघदीपनं मागून नेलं.

शेडावर आखूड कैच्यांवरच पत्रे चढवले होते आणि मागच्या भिंतीलगत फूटभर फट राहिली होती. संघदीपनं कात्रीनं मला रकान्यांच्या रेघांवरूनच उभं कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. चारही पट्ट्या टोकाला टोक जोडून त्यानं त्या फटीत ठोकल्या. जी फट मी कोणाला वाचायला लावू शकलो नाही, तीच आता अंगानं बुजवतोय. खाली कापूस कोरडा आहे. एक वर्ष उशिरा.

बाबांनो, तक्ते हवे तेवढे टांगा, प्रशिक्षणं घ्या. पण एका कामापुढं एकच नाव लिहा, आणि अडलेलं लिहायला सांगितलंत तर ते वाचायलाही या.

ठोकून झाल्यावर मथुराबाईंनी रंगाची डबी संघदीपच्या हातात दिली. पावसानं 'सर्वजण' धुऊन गेलं होतं. त्या कोऱ्या पट्टीवर त्यानं लिहिलं, 'छप्पर: संघदीप.' आत येणाऱ्या प्रत्येकीला ते वर बघितलं की दिसतं. माझ्या दुसऱ्या रकान्यात पडलेलं माणसाचं ते पहिलं नाव.