खारपाणातला निळा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. अर्धा कापलेला, टेबलाखाली ढकललेला, पण अजून पाणी धरून असलेला. मित्रांनो, अकोल्याच्या या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तुम्ही येता, तेव्हा तुमचे डोळे थेट टेबलावरच्या काचेच्या टाकीकडे जातात. तिथे केशरी-पांढरे मासे आहेत, फुललेले प्रवाळ आहेत. खुशाल बघा. पण तो एवढासा समुद्र ज्याच्या जिवावर चालतो तो खाली बसला आहे, आणि आज त्याचेही ऐकावे लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. नवा कोरा असताना पुंजाजींनी मला दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावी नेले. गाव खारपाण पट्ट्यातले. तिथे बोअरला पाणी लागते, पण ते खारे; त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. तो थर घासण्यात पुंजाजींच्या पत्नी भागीरथाबाईंचे अर्धे आयुष्य गेले. म्हणून टँकरचे गोडे पाणी साठवायचे काम माझ्याकडे आले. माझ्या तोंडाला स्वच्छ फडके बांधलेले असायचे आणि माझ्यात हात बुडवायची कुणाची छाती नव्हती. त्या घरात माझ्याइतका मान पाहुण्यालाही नव्हता.

मग गावात नळ आला. पुंजाजीच पाणीपुरवठ्याचा वॉल्व्ह सोडायच्या कामाला होते, त्यामुळे आमच्या घरी पाणी वेळेवर यायचे. मला गोठ्यामागे नेऊन माझ्यात कुटार, म्हणजे सुका भुसा, भरले. सात वर्षे मी गुरांचे कुटार सांभाळले. मला राग आला होता, हे मी लपवणार नाही.

एके दिवशी पुंजाजींची मुलगी संध्या आली. ती इथे, या महाविद्यालयात, जीवशास्त्र शिकवते. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. तो आपण वर्गात आणायचा, असे तिने ठरवले होते. तिने माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "बाबा, यात कधी फवारणीचं औषध ठेवलं नाही ना? मग मले हाच पायजे."

"काहून? काय भरतं त्याच्यात?" भागीरथाबाईंनी विचारले.

"खारं पाणी. मीठ कालवून, समुद्रासारखं."

भागीरथाबाईंचा हात कपाळाला गेला. "साऱ्या जिंदगीभर म्या खाऱ्या पाण्याशी भांडण केलं, अन् तू गोड्या पाण्यात मीठ कालवून राहिली? तुले शिकवलं कायसाठी व?"

संध्याने मला धुतले, उन्हात वाळवले आणि अकोल्याला आणले.

तिला नाट लावणारे कमी नव्हते. अमरावतीच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने, सूर्यभानने, तिला सरळ सांगितले होते, "मॅडम, अकोल्याचं ऊन म्हणजे काय गंमत हाय? मासे उकडून निघतीन." प्राचार्य महादेवरावांनी परवानगी दिली, पण अट घालून. "प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे आणि खाली माझं कार्यालय. छतातून एक थेंब जरी टपकला, तर टाकी त्याच दिवशी बाहेर."

नळजोडणी पुंजाजींनी केली. मला मधोमध कापले, तेव्हा मी हूं की चूं केले नाही. टाकीच्या कोपऱ्यातून एक पाइप माझ्यात उतरवला. जास्तीचे पाणी त्यातून खाली येते, माझ्यातल्या जाळीतून गाळले जाते आणि पंप ते दुसऱ्या पाइपाने वर चढवतो. पुंजाजींनी पाइप जोडून पाहिले आणि एकदम विचारले, "पोरी, लाईट गेली तं? पंप बंद झाला का वरचं पाणी याच पाइपानं उलटं खाली येते. गावच्या लाइनीत म्या हेच पाह्यलं." मग त्यांनी पंपाच्या त्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पातळीशी बारीक भोक पाडले. पाणी जरा उतरले की त्या भोकातून हवा शिरेल आणि उलटी धार तुटेल. माझ्यातही त्यांनी एक रेघ मारली. इथपर्यंतच भरायचे, वरची जागा उतरणाऱ्या पाण्यासाठी मोकळी ठेवायची.

पण एवढ्या हुशार माणसानेही एक चूक केलीच. दुसऱ्या दिवशी ते गावाहून बोअरच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन हजर. "मीठ इकत कायले घेतं? आपल्या घरचं खारं पाणी हाय ना!"

संध्याने त्यांचे मन मोडले नाही. तिने त्या पाण्यात खारेपणा मोजायची काचेची नळी सोडली. समुद्राच्या पाण्यात ती नळी तरंगते. इथे ती सरळ तळाला गेली. पुंजाजी वाकून बघतच राहिले. ज्या पाण्याला सारे गाव पिढ्यान्‌पिढ्या शिव्या देत आले, ते समुद्राच्या हिशेबात गोडेच निघाले! "अन् यातले क्षारही वेगळे हायत बाबा," ती म्हणाली. मग शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून टाकी भरली आणि मला रेघेपर्यंत भरले.

सहा आठवडे टाकीत नुसते दगड होते. तेही समुद्रातून तोडलेले नव्हेत, भाजलेल्या मातीचे. "मॅडमनं दगड पाळले," असे शिक्षक चिडवायचे. पाण्यात उपकारक जंतू रुजेपर्यंत संध्याने कळ काढली. मग समुद्रातून न पकडता दुसऱ्या टाकीत पैदास केलेले दोन मासे आले, तसेच टाकीत वाढवलेले बटणाएवढे मऊ प्रवाळ आले, आणि चिडवणारेच सगळ्यांत आधी काचेला नाक लावून उभे राहिले.

मे उजाडला. सुट्टी लागली, पण संध्या रोज यायची. एका दुपारी भागीरथाबाई तिच्यासोबत आल्या. त्या पहिल्यांदाच येत होत्या, आणि त्यांचा राग अजून गेलेला नव्हता. बाहेर सेहेचाळीस अंश. तेवढ्यात वीज गेली.

पंप थांबला आणि पाणी माझ्यात उतरू लागले. रेघ बुडाली. हे ठरलेलेच होते. पण धार तुटेना! पाणी माझ्या कडेपासून चार बोटे राहिले, मग तीन. संध्या घाबरून बादली शोधायला धावली. खाली कार्यालय होते, आणि मला माझी कड वाढवता येत नव्हती.

भागीरथाबाई पंपाच्या पाइपाकडे बघत होत्या. "थांब," त्या म्हणाल्या. "हे पांढरं काय बसलं?"

सुकलेल्या मिठाने पुंजाजींनी पाडलेले ते भोक बुजले होते. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि भोकात खुपसून फिरवला. गुडगुड आवाज झाला, हवा शिरली आणि धार तुटली. माझ्यात दोन बोटे जागा उरली होती.

"हा थर म्या आयुष्यभर घासला," त्या म्हणाल्या. "मले तो कुठंही दिसते."

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. भागीरथाबाईंनी गोणपाट ओले करून टाकीच्या तिन्ही बाजूंना लपेटले, रांजणाला लपेटतात तसे, आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. संध्या सायकलच्या पंपाने पाण्यात हवा सोडत होती. मासे वर येऊन धापा टाकत होते. वीज आली, तेव्हा दोन्ही मासे पोहत होते.

दुसऱ्या दिवशी महादेवराव आले. त्यांनी माझ्याभोवतीची फरशी हाताने चाचपली. ती कोरडी होती. "राहू द्या," एवढेच म्हणून ते खाली गेले.

आता भागीरथाबाई दर पंधरवड्याला येतात. आधी आकड्याने भोक साफ करतात, मगच मासे बघतात. परवा त्यांनी माझ्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, "हे खरं खारं हाय व." ज्याच्यात हात बुडवायला एकेकाळी मनाई होती, त्या मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, अकोल्यात समुद्र टिकत नाही, असे तुम्हाला कुणी सांगितले, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. मी गोडे पाणी धरले, कुटार धरले, आता समुद्र धरतो आहे. मी सांडलो नाही आणि सांडणारही नाही. तुम्ही फक्त ते बारीक भोक मोकळे ठेवा.