नऊ खुंट्या

"मॅडम मांगून येऊन राह्यल्या का?" लीलाबाईंनी विचारलं आणि माझ्या मोटरसायकलच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

दर्यापूरपासून त्या गावापर्यंत मी एक वाक्य जुळवत आलो होतो. ते तोंडातून निघालंच नाही.

"काकू, वर्षाली गेली," मी म्हणालो. "डेंगू झाल्ता. आज एकवीस दिवस झाले."

त्या ओट्यावर बसल्या. काठी टेकत त्यांचे यजमान महादेवराव बाहेर आले. धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. मोजमापाची तारीख त्यांच्या लक्षात होती. लीलाबाईंना ती बातमी त्यांना दोनदा सांगावी लागली.

"अन् हे आमाले आज सांगता, जवाईबुवा?" ते म्हणाले.

फोन करायचा राहून गेला होता. तिच्या वहीत आजच्या तारखेला त्यांचं नाव दिसलं, म्हणून तिची पिशवी घेऊन आलो होतो.

वर्षाली माझी बायको. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि दोन वर्षांपासून लकव्याच्या पेशंटचं संशोधन करत होती. साठ पेशंट. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि बीपीची गोळी सगळ्यांना होती. व्यायाम मात्र दोन प्रकारचा. निम्म्यांना दवाखान्याचा नेहमीचा कागद, निम्म्यांना घरातलीच कामं, म्हणजे मेथी निवडणं, तुरीच्या शेंगा सोलणं, कणीक मळणं. वर्षभरानं कोणाचा हात किती चालतो आणि कोण गोळ्या नेमानं घेतो, हे तिला पाहायचं होतं.

व्यायाम दुसरी बाई शिकवायची. वर्षाली फक्त मोजायची. कोणाला कोणता व्यायाम दिला, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. कळलं तर मोजताना नकळत झुकतं माप पडतं, असं ती म्हणायची. त्यामुळे कोणाच्याही दारात गेलं की ती आधी ओरडायची, "व्यायाम कोणता ते सांगू नका हो!" मग घरातले सगळे तोंडावर हात धरून उभे. पहिल्यांदा लीलाबाईंनी घाईघाईनं सोलायच्या शेंगांचं सूप पलंगाखाली सारलं, तेव्हा काय ते दिसायच्या आत वर्षालीनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला धडकली.

माझा अकोल्याजवळ भाजीपाल्याचा मळा आहे. रविवारी मी तिला गावोगाव न्यायचो. ती आत मोजायची, मी ओट्यावर बसून घरच्यांशी गप्पा मारायचो. कोण काय सोलतो, कोण काय मळतो, सगळं मला माहीत. एकदा महादेवरावांसाठी वांगी नेली तर रस्त्यातच भांडली. "पेशंटले लाच देता काय? वांगी खाऊन हात सुधरला तर मी काय लिहू?" तरी संध्याकाळी त्याच वांग्यांचं भरीत त्यांच्याकडे बसून दोन भाकरींशी खाल्लं.

मोजायची रीत सोपी. एक फळी, तिला नऊ भोकं, नऊ खुंट्या. लकव्याच्या हातानं एकेक खुंटी बसवायची, मग एकेक काढायची, आणि घड्याळ लावायचं. पहिल्या खेपेला महादेवरावांनी एक खुंटी बसवली आणि फळी अंगणात भिरकावली. भिरकावली ती चांगल्या हातानं. वर्षाली उठली, फळी पुसली आणि म्हणाली, "काका, फेकाची परीक्षा नाई आज. त्यात तुमी पास झाले असते."

सहा महिन्यांनी त्याच माणसानं एकतीस सेकंदांत फळी भरून रिकामी केली. वर्षालीनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या सदऱ्याकडे.

"काका, एवढा हात चालते, तं मंग सदऱ्याची बटनं काकूच कावून लावते?"

लीलाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. शेवटी त्यांनी पलंगाखालून एक फळी काढली. सागवानाची. गावच्या सुताराकडून, पहिल्या दिवशी नातीनं काढलेल्या फोटोवरून करून घेतलेली. भोकं थोडी वाकडी होती, पण बरोबर नऊ.

"रोज चाळीस खेपा करते हा माणूस," त्या म्हणाल्या. "जेवाले बोलावलं तं म्हणते, थांब, परीक्षा हाये."

"तुमाले बरं वाटावं म्हणून केलं," महादेवराव मान खाली घालून म्हणाले. "एवढ्या दुरून येता. रिकाम्या हातानं कसं पाठवाव?"

वर्षाली हसून हसून खाली बसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. पण परत येताना तिनं गाडी थांबवायला लावली.

"त्यायचा आकडा खराब झाला," ती म्हणाली. "हा हात सुधरला का खुंट्या पाठ झाल्या, कोनाले मालूम?"

"लिहून टाक ना एकतीस," मी म्हणालो. "कोनाले कळते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी सुरू केली. घरी येऊन तिनं एकतीस लिहिले आणि शेजारी चार ओळींत सुताराची फळीही लिहिली.

सुताराची फळी तिनं त्याच दिवशी मागून आणली होती. महादेवरावांना सांगितलं होतं, "आता खुंट्या बंद. बारा महिन्यांचं मोजमाप खरं झालं पायजे." आणखी एक ताकीद होती. गोळ्यांच्या पाकिटात दर महिन्याला दोन-तीन जास्त उरत होत्या. विचारलं तर म्हणाले, "एकादशी होती. सोमवार होता. उपासाले कशी खाव?" तिनं सांगितलं, "काका, रक्ताले उपास नसते." हे वाक्य पुढे ते गावभर आपलंच म्हणून सांगत.

हे सगळं आम्ही तिघांनी त्या ओट्यावर पुन्हा आठवलं. आधी लीलाबाई रडल्या. मग भिंतीला धडकल्याची गोष्ट त्यांनीच काढली, आणि आम्ही हसायला लागलो. एकवीस दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. त्यांनी चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, वाढली. मी नको म्हणालो नाही.

जेवण झाल्यावर महादेवरावांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं माझ्यासमोर मांडली. "पाहून घ्या. एकबी उरली नाई. एकादशीलेबी घेतली." मग पिशवीकडे बोट केलं. "काढा फळी. घड्याळ लावा."

"काका, मी फक्त सांगाले आलो."

"मी सा महिने खुंटीले हात लावला नाई. तुमची शपथ. काढा."

मी फळी काढली. फोनवर घड्याळ लावलं. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि सुरू केलं. एकही खुंटी सुटत नव्हती. लीलाबाई ओठांतल्या ओठांत खुंट्या मोजत होत्या. नववी काढून त्यांनी हात वर केला. मी घड्याळ बंद केलं. सत्तावीस.

"किती?"

"सत्तावीस, काका."

"खोटं नोका बोलू!" त्यांनी काठी टाकून दिली आणि अंगणात एक चक्कर मारली. शेजारच्या बाईला कुंपणावरून हाक मारून सांगितलं. लीलाबाई म्हणाल्या, "आता लिवा. मॅडमच्या वहीत लिवा." आणि पेन माझ्या हातात दिला.

वहीत त्यांचा रकाना समोर होता. पेनाचं टोपण मी काढलं होतं.

"माह्यं मोजलेलं चालत नाई, काकू," मी म्हणालो. "काकाचा व्यायाम कोनता, मले माहीत हाये. मी यायच्यासंगं शेंगा सोलल्या."

"मंग थो आकडा?"

"खरा हाये. पण तिच्या कामात नाई बसत."

महादेवरावांनी बाही खाली केली. मग म्हणाले, "ज्याले माहीत नाई असा मानूस पाठवा. त्यालेबी करून दाखवतो."

मी वही मिटली. निघताना त्यांनी पिशवी स्वतः उचलून गाडीला अडकवली, त्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वही दिली आणि आता मोजायला कोण जाणार ते विचारलं. तिच्या जागी मोजणारं माणूस अजून ठरलेलं नाही. ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवसच मोजता येतं, पुढचा आकडा धरत नाहीत. आज त्यातले नऊ गेले, महादेवरावांचे सहा दिवस उरले आहेत. त्यांच्यानंतर आणखी अकरा जण आहेत. त्यांच्यापैकी कोणाचंही बारा महिन्यांचं मोजमाप झालेलं नाही.