तिघींचा एक तोळा

"कुणाच्या बापाला पटणार न्हाई, पर आत बसलेली ती पाकोळी माझ्यापेक्षा वयानं मोठी हाय!"

मांजरी गावातल्या जुन्या गुऱ्हाळाच्या दारात गेनबा आडवा उभा होता. रागानं त्याच्या मिशा थरथरत होत्या. समोर त्याचा पुतण्या सर्जेराव. पायाशी निखाऱ्यांचं घमेलं, हातात सुक्या मिरच्यांची पिशवी. गुऱ्हाळाचं आता लग्नाचं लॉन झालं होतं आणि उद्या तिथं पहिलं लग्न. पंगतीवर लेंड्या पडायला नकोत, म्हणून आढ्याच्या फळीमागं राहणाऱ्या पाकोळ्यांना आत कोंडून धुरी द्यायची, असं सर्जेरावानं ठरवलं होतं. पाकोळी म्हणजे वटवाघळांतली बारकी जात. मुठीत धरली तर मूठ रिकामीच वाटावी.

"तात्या, बाजूला व्हा."

"न्हाई होत! दिवस बुडाला की आपसूक भायेर पडत्यात. पिल्लंबी उडती झाल्यात. मग बुजव की भोक!"

"तेवढा वेळ नाही मला. चिमूटभर जनावरासाठी लग्न अडवू का?"

चिमूटभर म्हटल्यावर गेनबाचं डोकं आणखीच फिरलं. काल ह्याच पठ्ठ्यानं एकीला केरसुणीनं आपटलं होतं. गेनबानं ती रुमालात गुंडाळून अनंत सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवली होती. सोनार हसला, पण काटा हसला नाही.

"तिघी ठेवल्या तर एक तोळा भरंल, एवढासा जीव! तेवढ्या जीवानं रातभर किडं-डास टिपलं म्हणून तू बारकेपणी हितं उघडा झोपलास. तिच्यावर केरसुणी उगारताना लाज न्हाई वाटली?"

"लाज राखून ठेवलीय. उद्या पंगतीत वाढू, लोणच्याशेजारी."

शिडीवर माळा लावणारा रियाज खुदकन हसला. "तात्या, आत्ता मोबाईलवर बघितलं. ह्या फार तर पाच-सहा वर्षं जगतात. तुमच्यापेक्षा मोठी कशी?"

"मोबाईल गेलता का तिच्या बारशाला?"

सर्जेरावानं पिशवीची गाठ सोडली. गेनबाला कळून चुकलं, इथं दयेची डाळ शिजायची नाही. पुतण्याला वाडवडिलांची एकच गोष्ट प्यारी होती, ती म्हणजे वस्तू. गूळ शिजवायची काहील त्यानं उचलून नेली आणि दारात कारंजं केलं. बैलाच्या घुंगरांची त्यानं कार्यालयाची घंटा केली. गेनबा दारातून बाजूला झाला.

"टाक धुरी. पर ती फळीमागं मेली, तर माझ्या आज्ज्याच्या भिकबाळीपायी भिंत तूच फोडायची."

मिरच्या सर्जेरावाच्या हातातच राहिल्या. "कसली भिकबाळी?"

"पानशेत फुटलं त्या सालची. मी आईच्या पोटात. नदी मळ्यात शिरली, आज्जा ह्याच पत्र्यावर चढला. ही पाकोळी भिजून त्याच्या पटक्यात पडली. आज्ज्यानं तिला छातीशी धरून ऊब दिली, आन तिनं त्याला झोप लागू दिली न्हाई. डोळा लागला की चावायची. झोपला असता तर घरंगळून पान्यात! पानी उतरल्यावर आज्जा म्हणाला, तू माझी भन. आन कानातली भिकबाळी काढून ओवाळणी म्हणून तिच्या गळ्यात घातली. अर्ध्या तोळ्याची, मोत्यांची."

"ती अजून आत आहे?"

"दिवस बुडता भायेर पडती. चमकती. नजर मातर पाहिजे."

सर्जेरावानं घमेलं पायानं दूर सारलं. मांडववाल्यांचा फोन आला, त्यांना थांबा म्हणाला. टॉर्च घेऊन तो भोकाखाली मान वर करून उभा राहिला तो राहिलाच. गेनबाच्या पोटातली आग काही विझली नाही. जिवासाठी घटकाभर नव्हती ह्याच्याकडं. सोन्यासाठी मानेला रग लागली तरी हलत नव्हता.

ऊन गेलं. फळीमागं चिकचिक सुरू झाली आणि एकेक पाकोळी भोकातून निसटून उसाकडं जाऊ लागली. प्रत्येकीच्या गळ्यावर सर्जेराव टॉर्च मारत होता. तेवढ्यात गेनबाची बायको मुक्ताबाई चहाची किटली घेऊन आली आणि काय चाललंय ते रियाजकडून ऐकत उभी राहिली. शेवटची बाहेर पडली. आतली चिकचिक थांबली. गेनबानं रियाजला खूण केली. रियाजनं फळीमागं उजेड टाकून पाहिलं आणि भोकात गोणपाट कोंबलं.

"एकीच्याही गळ्यात काही चमकलं नाही!" सर्जेराव खेकसला.

"चमकंल कशी? म्हातारी बाई ती. चारचौघांत पदर घिऊन उडती—"

किटली दाणकन खाली आदळली.

"अवो, जरा तरी मापात बोला!" मुक्ताबाई कडाडली. "तिघी मिळून तोळा भरतो, आन एकीच्या गळ्यात अर्धा तोळा? स्वतापरीस जड डाग घालून ती उडंल का रांगंल? सर्जेराव, धादांत खोटं बोलत्यात हे!"